सुखासन

सुख या शब्दाकडे आपल्या समाजांत नेहमींच कांहींशा संशयानें पाहण्यांत येतें. दुःख सोसणारा मनुष्य आपल्याला थोर वाटतो. सुख मागणारा मनुष्य मात्र, त्याची मागणी कितीहि साधी असली तरी, थोडा हलका वाटतो. त्यांतून तें सुख मनाचें नसून शरीराचें, आणि शरीराच्याहि ज्या भागाचें नांव सभ्य मंडळींत घेतलें जात नाहीं त्या भागाचें असलें, म्हणजे तर त्याविषयीं गंभीरपणें बोलणें हाच एक विनोद होऊन बसतो. दूरच्या प्रवासांत गाडीचें आसन टोंचतें, कंबर धरते, पायांना मुंग्या येतात, ही तक्रार करणारा ती हंसत हंसत करतो आणि ऐकणारा हंसत हंसत विसरतो. प्रस्तुत लेखांत या क्षुद्र मानल्या गेलेल्या तक्रारीचाच थोडा विचार करावयाचा आहे. तिच्या पोटीं नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें. शरीराचे कष्ट सोसणें हा जर सद्गुण असेल, तर ते कष्ट कमी करण्याची खटपट हा दुर्गुण म्हणावयाचा काय? आणि नसेल, तर कोणाचे कष्ट आधीं कमी करावयाचे?

प्रथम सोसण्याचीच गोष्ट घेऊं. सोसण्याचें माहात्म्य आम्हांस अमान्य नाहीं. आळंदीहून पंढरीची वाट पायीं चालणारा वारकरी ऊन, पाऊस, चिखल यांची तक्रार करीत नाहीं. त्याच्या पायांचे फोड हें त्याच्या निष्ठेचें भूषण होय. परंतु हे कष्ट त्यानें आपखुषीनें पत्करलेले असतात. तोच वारकरी परततांना एस्. टी.च्या अगदीं मागच्या बाकावर बसून, प्रत्येक खड्ड्याबरोबर उसळत आपल्या गांवीं येतो, तेव्हां त्या उसळण्यांत तपश्चर्येचा अंशहि नसतो. पहिले कष्ट त्यानें स्वीकारले. दुसरे त्याच्यावर लादले गेले. दोहोंमध्यें शरीराला होणारी वेदना कदाचित् सारखीच असेल, पण नीतीच्या दृष्टीनें त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. स्वतः सोसणें हें तप होय. दुसऱ्यास सोसावयास लावून वर त्याच्या सोशिकपणाची स्तुति करणें ही लबाडी होय.

हा भेद गांधीजींनीं फार स्पष्टपणें ओळखला होता. दक्षिण आफ्रिकेंतून परत आल्यावर ते स्वेच्छेनें तिसऱ्या वर्गानें हिंदुस्थानभर फिरत. १२ सप्टेंबर १९१७ रोजीं ते मुंबईहून मद्रासेस मेल गाडीनें निघाले. भाडें तेरा रुपये नऊ आणे. डबा बावीस उतारूंचा. बसण्यापुरती जागा, पण सुखानें आडवें होण्याची सोय नाहीं. आणि मद्रास येईपर्यंत दोन रात्री काढावयाच्या. ज्यानें हे हाल आपणहून पत्करले होते, तो त्यांचें कौतुक करीत बसला असता तरी कोणास नवल वाटलें नसतें. गांधीजींनीं केलें तें नेमकें उलट. त्याच महिन्यांत त्यांनीं या प्रवासाची सविस्तर तक्रार लिहून वर्तमानपत्रांकडे धाडली, आणि पहिल्या वर्गाचें भाडें तिसऱ्या वर्गाच्या पांचपटीहून थोडेंसेंच अधिक असतां सोयींचें अंतर मात्र त्याच्या कितीतरी पट कां असावें, असा रोकडा हिशेब मागितला. स्वतःपुरतें ते व्रतस्थ होते. पण शेजारी बसलेल्या उतारूचें व्रत त्यांनीं परस्पर धरलें नाहीं.

त्या पत्रानंतर आपल्या देशांतील लांकडी फळी मऊ होण्यास साठ वर्षें लागलीं. १९७४ सालीं तिसरा वर्ग नाहींसा होऊन दुसऱ्या वर्गांत मिळाला खरा, परंतु नांव बदलल्यानें लांकूड कांहीं मऊ होत नाहीं. १९७७ सालीं राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दींत दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील फळ्यांवर दोन इंच जाडीच्या गाद्या येऊं लागल्या. दोन इंच हें माप ऐकावयास केवढें लहान! पण त्या दोन इंचांत एक मोठा सिद्धान्त भरलेला होता. स्वस्त तिकिटाचा उतारू म्हणजे स्वस्त हाडांचा उतारू नव्हे, हा तो सिद्धान्त. फळीवर रात्र काढल्यानें आजवर कोणाचें चारित्र्य सुधारलें असेल तर तें पहिल्या वर्गाच्या उतारूंनींहि सुधारून घ्यावयास हवें होतें. तशी मागणी त्यांच्याकडून कधीं आलेली ऐकिवांत नाहीं.

सोसण्याचा प्रश्न असा निकालांत निघाला, तरी सुखाचा प्रश्न उरतोच. कारण सुख म्हणजे मऊपणा, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती चूक आहे. आसनाच्या बाबतींत तर ती चूक कंबरेलाच सर्वांत लौकर कळते. दुकानांत बसून पाहतां जी गादी लोण्यासारखी वाटते, ती शंभर मैलांनंतर वैरीण होते. याचें कारण आपल्या शरीराच्या घडणींत आहे. उभें असतांना पाठीच्या कण्याला कंबरेपाशीं आंतल्या बाजूस एक सुंदर कमान असते. आपण बसलों कीं कटीचें हाड मागें कलतें, ती कमान सपाट होऊं लागते, आणि मणक्यांच्या मध्यें निसर्गानें ज्या लहान लहान गाद्या घातल्या आहेत त्यांवर वांकडा भार पडतो. बेंग्ट ओकरब्लोम या स्वीडिश वैद्यानें १९४८ सालीं उभें राहणें व बसणें या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि पाठीच्या टेकूस कंबरेपाशीं फुगवटा हवा, हें सांगितलें. फार मऊ आसनांत मनुष्य झोळींत बुडाल्यासारखा बुडतो. त्याची कमान मोडते, मांड्या दाबल्या जातात, आणि जागा बदलावी म्हटलें तर बदलतांहि येत नाहीं. बाहेरची गादी फार मऊ झाली, कीं तिची किंमत आंतल्या गादीला मोजावी लागते.

त्यांतून रेल्वेची गाडी निदान रुळांवरून धांवते. रस्त्यावरील वाहनाची गोष्ट आणखी कठीण. झोपाळ्याला योग्य वेळीं हलकासा धक्का देत गेलें तर तो उंच उंच जातो, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. बसलेल्या माणसाच्या धडाचीहि अशी एक स्वतःची लय आहे. सेकंदास सुमारें चार ते सहा या गतीनें खालून हेलकावे आले, कीं धड त्यांना साथ देऊं लागतें, आणि आसनाच्या हालण्याहून बसणाऱ्याचें हालणें अधिक होतें. दुर्दैव असें, कीं मालमोटार, ट्रॅक्टर यांसारख्या जड वाहनांचे हादरे पुष्कळ वेळां याच गतीच्या आसपास असतात. म्हणून अशा वाहनांच्या आसनाखालीं स्प्रिंगा व तेलाचे किंवा हवेचे दट्टे बसवून हादरा वर पोंचण्यापूर्वींच जिरवावा लागतो. त्यांवांचून नुसती गादी वाढविणें म्हणजे गळक्या छपराखालीं सतरंजी जाड करण्यासारखें आहे.

मग चांगलें आसन कोणतें? पतंजलि मुनींनीं आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य आणि सुख हे दोनहि गुण एकत्र ठेविले आहेत, आणि तें आसन साधावयाचें तें जोर लावून नव्हे, तर प्रयत्न सैल सोडून. त्यांच्यापुढें योग्याची मांडी होती, मोटारीची बैठक नव्हती, हें खरें. तथापि तत्त्व तेंच. ज्या आसनावर देह सांवरून धरण्यासाठीं स्नायूंना अखंड धडपडावें लागत नाहीं, तें सुखाचें आसन. मऊपणा नव्हे, तर आधार हें सुखाचें लक्षण होय. म्हणूनच या कामीं सर्वांत गुणकारी उपाय बहुधा सर्वांत स्वस्त असतात. पंचाची किंवा टॉवेलची गुंडाळी करून ती कंबरेच्या पोकळींत ठेवली, कीं मोडलेली कमान पुनः सांवरते. पाठीचा टेकू अगदीं ताठ न ठेवतां किंचित् मागें कलविला, म्हणजे धडाचा कांहीं भार तो उचलतो. बैठक इतकी खोल नसावी, कीं तिची कड गुडघ्यामागें रुतेल. दोन-तीन बोटें शिरतील एवढी जागा तेथें मोकळी राहावी. बसून बसून ज्या गादीचा चोथा झाला आहे, ती जाड आवरणानें झांकूं नये, तर बदलावी. उन्हाळ्यांत लांकडी मण्यांची चटई पसरली, तर पाठीशीं वारा खेळता राहतो. आणि दर दोन तासांनीं उतरून चार पावलें चालावें. कारण एकाच स्थितींत फार वेळ राहावें लागलें, तर तें उत्तम आसनहि अखेर बेडीच होतें.

यांतील बहुतेक उपायांचा अर्थ एकच: आसन बसणाऱ्याच्या मापाचें असावें. हें आज आपल्याला साधें वाटतें. पण तें शिकण्यासहि जगाला विमानें पडलेलीं पाहावीं लागलीं. अमेरिकेच्या हवाई दलांत वैमानिकाची खोली 'सरासरी' वैमानिकाच्या मापानें बांधलेली असे. अपघात वाढले तेव्हां १९५० सालीं ४०६३ वैमानिकांचीं मापें घेण्यांत आलीं. गिल्बर्ट डॅनियल्स नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें त्यांतलीं दहा मुख्य मापें निवडलीं आणि दहाहि बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती आहेत, तें मोजून पाहिलें. उत्तर आलें शून्य. जें आसन सर्वांसाठीं बनविलें होतें, तें एकाहि माणसाचें नव्हतें! तेव्हांपासून पुढें-मागें, वर-खालीं सरकणाऱ्या आसनांचा आग्रह तेथें धरला गेला. आपल्या देशांत स्त्रियांची सरासरी उंची पांच फुटांच्या आसपास आहे, आणि पुरुषी मापाच्या बैठकीवर त्यांचे पाय अधांतरीं लोंबकळतांना आपण रोज पाहतों. तथापि त्यांवरून आसन चुकलें असें कोणी म्हणत नाहीं. बाई ठेंगणी आहे असें म्हणतात.

येथवर आसनाचा विचार झाला. आतां त्यावर बसणाऱ्याकडे वळूं. कारण नीतीचा खरा पेंच तेथें आहे. 'सुखासन' हा शब्द जुन्या मराठींत एका प्रकारच्या पालखीलाहि लावीत. नांव किती अर्थपूर्ण! आंत गाद्या-गिरद्या, वर छत. सुख आंत बसणाऱ्याचें. पण तें सुख चालत असे भोयांच्या खांद्यांवर, आणि त्या खांद्यांना दांडा किती रुततो, याचा उल्लेख त्या नांवांत कोठेंच नाहीं. पालखी गेली, मोटार आली. खांद्यांची जागा यंत्रानें घेतली, हा मानवजातीवर मोठाच उपकार झाला. तरी एक भोई अजून उरला आहे. तो आतां पुढें बसतो, आणि त्याच्या हातांत चाक असतें.

सहकुटुंब यात्रेस निघालेल्या भाड्याच्या गाडीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. यजमान वाटेंत पेंगतात, चहाला उतरतात, देवदर्शनास जातात, भोजन करून खोलींत पाठ टेकतात. चालक मात्र ज्या आसनावर दिवसभर बसला, तेंच मागें पाडून त्यावरच रात्र काढतो. आपण त्या आसनावर पाहुणे नसतों, तो तर तेथला रहिवासी असतो; आणि तरीहि गाडी ठरवितांना आपण मागचीं आसनें दाबून पाहतों, पुढचें नव्हे. मालमोटारीची स्थिति याहून वाईट. आपल्याकडे कितीतरी मालमोटारी कारखान्यांतून केवळ सांगाडा म्हणून बाहेर पडत आल्या. चालकाची खोली आणि त्याची बैठक मागाहून फळ्या ठोकून तयार होई. कायद्याचें लक्ष या माणसाकडे अगदींच गेलें नाहीं, असें नाहीं. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यानें दिवसाचे आठ तास आणि पांच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति ठरवून दिली होती. डिसेंबर २०२३ मध्यें निघालेल्या अधिसूचनेनें, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरील मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणें सक्तीचें झालें. माल नासूं नये म्हणून मागें बर्फ ठेवावयाचा हें आपल्याला पूर्वींच कळलें होतें. पुढें बसलेला माणूसहि तापतो, हें कळण्यास इतका काळ जावा लागला.

कोणी म्हणेल, चालकाला आसन फार सुखाचें दिलें तर त्याला झोंप लागेल. थोडें टोंचलेलें बरें. हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा दिसतो, म्हणून त्याचें उत्तर दिलें पाहिजे. वेदना आणि सावधपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची कंबर ठणकत आहे, त्याचें अर्धें लक्ष कंबरेकडे असतें. रस्त्याच्या वांट्यास उरलेलें अर्धें येतें. झोंपेवर औषध एकच, तें म्हणजे झोंप. चालकास पुरेशी झोंप न देतां टोंचणारें आसन देणें म्हणजे भुकेल्याला जेवण न घालतां चिमटे काढून जागें ठेवण्यासारखें आहे. हाच युक्तिवाद मुनीम, न्यायाधीश किंवा शस्त्रवैद्य यांच्या खुर्चीला कोणी लावीत नाहीं, यावरूनच त्याचें मूळ शास्त्रांत नसून सोयींत आहे, हें उघड होतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केवळ आसनानें चालकाचें कल्याण होतें काय? होत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. डॉ. जेरी मॉरिस यांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून १९५३ सालीं प्रसिद्ध केलें, कीं दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो, आणि त्याच गाडींत दिवसांतून शेंकडों पायऱ्या चढउतार करणाऱ्या वाहकांना तो कमी होतो. पुढें १९५६ सालीं मॉरिस यांनींच गणवेशांचीं मापें तपासून दाखविलें, कीं चालक मुळांतच कंबरेनें अधिक रुंद होते; तेव्हां सगळा दोष बैठकीच्या माथीं मारतां येत नाहीं. तरी पण शरीर हलविण्यावांचून त्याचें आरोग्य राहात नाहीं, हा त्या संशोधनाचा निष्कर्ष पुढल्या अनेक अभ्यासांनीं दृढच केला. म्हणजे चालकाला गादी देऊन त्याचे तास वाढविणें ही सुधारणा नव्हे. तो निराळ्या रूपांतला जुनाच अन्याय होईल. चांगल्या आसनाबरोबर त्यावरून वेळेवर उठण्याची मुभाहि दिली पाहिजे. आधार आणि सुटका हीं दोन्ही मिळून सुख होतें. त्यांतलें एक दिलें आणि दुसरें काढून घेतलें, तर कांहींच दिलें नाहीं असें होतें.

यावरून एक साधी कसोटी हातीं येते. ज्याला उठतां येत नाहीं, त्याच्या आसनाचा विचार आधीं. चालकास उठतां येत नाहीं. वृद्धास पटकन् उठतां येत नाहीं. गर्भवतीस, आजाऱ्यास उठणें जड जातें. आणि आपल्याच मोटारींत मागच्या बाकावर मधली म्हणून एक जागा असते, जेथें पाठीला धड टेकू नाहीं आणि पायांखालीं उंचवटा आहे. ती जागा कोणी मागून घेत नाहीं आणि ती कधीं रिकामीहि राहात नाहीं. तेथें कोण बसतें, तें पाहावें. घरांत ज्याच्या शब्दाला सर्वांत कमी वजन, तो किंवा ती तेथें बसलेली आढळते: धाकटी सून, आश्रयास आलेला नातलग, किंवा अंगानें लहान म्हणून ज्याचें दुखणेंहि लहान मानलें जातें असें एखादें मूल. हें कोणी ठरविलेलें नसतें, म्हणूनच त्याची चौकशी कधीं होत नाहीं. कुटुंबाची नीति कळण्यास त्यांचीं भाषणें ऐकण्याची आवश्यकता नाहीं. दहा तासांच्या प्रवासांत ती मधली जागा किती वेळां बदलली, एवढें विचारावें.

'ज्याचें जळतें त्याला कळतें' ही म्हण खरी असली, तरी तींत एक धोका आहे. ज्याचें जळत नाहीं, त्यानें कळून घेऊंच नये, असा सोयीस्कर अर्थ तिच्यांतून काढतां येतो. आसन बनविणारा त्यावर दहा तास बसत नाहीं. गाडी विकत घेणारा पुष्कळ वेळां ती चालवीत नाहीं. आणि भाडें ठरविणारा मागें बसतो. दुःख एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे, अशी ही वांटणी आहे, आणि जगांतील पुष्कळशा अन्यायांचें मूळ दुष्टपणांत नसून या वांटणींत आहे. तिच्यावर उपाय फार थोर नाहीं. कारखानदारानें आपल्या आसनावर पुण्याहून नागपूरपर्यंत एकदां स्वतः बसून जावें. मालकानें गादीची किंमत गाडीच्या किंमतीशेजारीं लिहून पाहावी. आणि तुम्हीं-आम्हीं, पहाटे सामान चढवून झाल्यावर, देवाचें नांव घेण्यापूर्वीं, पुढें चाकाशीं बसलेल्या माणसाला एवढेंच विचारावें, कीं काल झोंप झाली ना, आणि पाठीला कांहीं हवें आहे काय? टॉवेल आपल्या पिशवींत बहुधा वरच असतो.